जयराजच्या गाडीचा आस

पलूस सोडून तासगावच्या रस्त्याला लागलं की द्राक्षबागा सुरू व्हायच्या आधी एक पत्र्याची शेड दिसते. तिला पाटी नाही, रंग नाही. दारात तेलाचं एक उभं पिंप आणि आत एक बुटकी भट्टी, एवढाच काय तो थाट. नवख्याला वाटावं, भंगाराचं दुकान असेल. पण बैलगाडी शर्यतीचा नाद लागलेला माणूस या शेडीसमोर आला की आपोआप चपला बाहेर काढायचा. आत सोपानतात्या असायचे.

तात्या आस बनवायचे. आस म्हणजे गाडीच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. ओझं वाहणाऱ्या बैलगाडीला मनगटापेक्षा जाड आस चालतो; मऊ लोखंडाचा असला तरी चालतो, फार तर वाकेल. शर्यतीच्या छकड्याचं तसं नाही. तो पिसासारखा हलका हवा. आस बारीक हवा, आणि खिलारी बैल उधळले, खड्डा आला, चाक हवेत जाऊन आदळलं तरी तो वाकता कामा नये आणि मोडताही कामा नये. ही दोन्ही सोंगं एकाच पात्राला एकाच वेळी वठवायला लावायची, तर पोलाद चांगलं लागतं आणि त्याला तयार करणारा उस्तादही.

कुणी बाजारातून गज घेऊन यायचा. म्हणायचा, "तात्या, लय भारी पोलाद हाय, दुकानदारानं शपथ घेतलीया."

तात्या गजाचं टोक फिरत्या साणेला लावायचे. शेडीत ठिणग्यांची पिचकारी उडायची. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, मुकाट्यानं जाऊन विझतात. पोलादात कार्बन जितका जास्त तितकी ठिणगी टोकाला फुटते, तिला फुलं येतात. तात्या मान वाकडी करून बघायचे आणि म्हणायचे, "दुकानदाराला म्हणावं, शपथ खरी हाय, पर गज कुंपणाचा हाय."

सगळी शेड हसायची. तात्या हसायचे नाहीत. त्यांचा चेहराच असा, की हसू आत कुठंतरी वळण घेऊन परत जाई. वर्षानुवर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून भुवया करपलेल्या, त्यामुळं कायम जरा चकित झाल्यासारखे दिसायचे.

त्यांच्या वडिलांनी छप्पन सालच्या धर्मांतरानंतर गावकीची कामं सोडली आणि रस्त्यावर खडी फोडली. पोरगा अठराचा झाल्यावर त्याला सातारच्या औद्योगिक वसाहतीत धाडला. तिथल्या एका कारखान्यात पोलाद तापवायचं आणि थंड करायचं एवढंच काम चाले. झाडू मारायला घेतलेला सोपान तिथं भट्टीवाला झाला, आणि केस पिकल्यावर मुख्य भट्टीवाला म्हणून घरी आला. येताना कारखान्यानं मोडीत काढलेली ती बुटकी विजेची भट्टी मागून आणली. बायको आक्काताई म्हणाली, "लोक रिटायर झाल्यावर घड्याळ आणत्यात, ह्यांनी सवत आणली."

सवतच होती ती. गज भट्टीत गेला की तात्या तिथून हलायचे नाहीत. गज आधी काळा, मग काळपट लाल, मग नारिंगाकडं झुकणारा. नेमका रंग आला, भट्टीवरच्या उष्णतेच्या मीटरनंही मान डोलावली, की चिमट्यानं उचलून तेलाच्या पिंपात. फस्स करून धूर उठायचा. त्या क्षणी आस इतका कडक झालेला असे की त्याच्यावर कानस चालायची नाही, नुसती घसरायची.

"झाला का तयार?" गिऱ्हाईक विचारायचं.

"आता घिऊन गेलास तर पयल्या खड्ड्यात फुटंल. काचंगत. ह्यो आता नुसता कडक हाय."

मग तोच आस पुन्हा भट्टीत, पण कमी आचेवर आणि निवांत. ह्या दुसऱ्या तापवण्याला कारखान्यात टेंपरिंग म्हणायचे आणि तात्याही तेच म्हणत. त्यात पोलाद आपला थोडा कडकपणा सोडून देतं आणि त्या बदल्यात चिवट होतं. घाई केलेली त्याला सोसत नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, तात्या ह्या दुसऱ्या आचेतली घटकाही कमी करायचे नाहीत.

जयराज पहिल्यांदा शेडीत आला तो असाच घाईत. लालासाहेबांचा धाकटा मुलगा. घरची ऊसशेती, थोरला भाऊ लष्करात, आणि ह्याला नाद बैलांचा. गाडी स्वतः हाकायचा. पोरगं देखणं, आवाज खणखणीत. दारातून आत आलं की जागा भरल्यासारखी वाटायची.

"तात्या, आस बारीक करा की अजून."

"तुज्या करंगळीएवढा करू का?"

"झाला तर बघा!"

"हुतोय की. मग गाडीत तुज्याऐवजी चिमणी बसीव."

जयराज पोट धरून हसला. मग तो आस तयार होईपर्यंत भट्टीसमोर बसून राहिला, आणि त्यानंतर काम नसलं तरी येऊ लागला. बैलांच्या गोष्टी सांगायचा, संयोगिताशी लग्न ठरलं ते पण आधी तात्यांनाच सांगून गेला. आक्काताई त्याला भाकरी वाढायची. तो खायचा, ताट स्वतः धुवायचा. लालासाहेबांच्या घरातलं माणूस ह्या दारात जेवतं, हे आक्काताईनं कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी ती वांगं जरा जास्त तेलात करायची.

तो आस दोन हंगाम पळाला. तिसऱ्या हंगामात, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडच्या एका माळावर, भर धावेत मोडला.

तात्या तिथं नव्हते. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं, ते असं: गाडी सगळ्यांच्या पुढं होती. कडाड असा आवाज झाला, कुणाला वाटलं फटाका. डावं चाक एकटंच पळत लोकांकडं आलं. छकडा कलंडला, जयराज खाली गेला, आणि भेदरलेल्या बैलांनी तसंच फरफटत नेलं. साताऱ्याला पोचेपर्यंत पोरगं राहिलं नाही.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली आणि ते गेले. गावानं मात्र आपला निकाल एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर दिला. आप्पासो म्हणून एक शर्यतींचा जुना जाणकार होता, मैदानात माईक धरायचा. हातात माईक नसला तरी आवाज तोच.

"आस मोडला म्हंजे काय? आस मोडतोय व्हय? करणाऱ्यानं कच्चा ठेवला म्हणून मोडला."

कुणीतरी म्हणालं, "तात्या लय वरसं करत्यात की वो."

"मग? लोहाराचं काम लोहारानं करावं. ज्याचं काम त्याला शोभतं."

तात्या मागच्या बाकावर बसले होते. आप्पासोला ते दिसत होते. म्हणूनच तो बोलला. तात्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि घरी आले.

त्या बोलण्यानं ते दुखावले, पण मोडले नाहीत. असली बोलणी त्यांच्या बापानं खडी फोडता फोडता पचवली होती. त्यांना खात होतं ते दुसरंच. आप्पासो खरं बोलत असेल तर? त्या आसाची ती दुसरी आच नीट बसली होती का? त्या दिवशी वीज गेली होती का? हात चुकला होता का? आठवू म्हटलं तर प्रत्येक आस त्या आसासारखा दिसायचा. भट्टीपाशी उभे राहायचे, बटणावर बोट ठेवायचे आणि काढून घ्यायचे. पोरगं आपल्या हातानं गेलं की नाही, हे कळल्याशिवाय त्यांना पुढचा गज उचलता येईना.

"मला त्यो मोडका आस बघायचाय," ते आक्काताईला म्हणाले.

"त्यांच्या दारात जाऊन मागणार? दुखाच्या घरात? आवं, चपला मारतील तुमाला."

"मारूदेत. मोड बघितली की कळतंय. पोलाद मोडताना खोटं बोलत न्हाई."

तेरावं उरकल्यावर तात्या गेले. लालासाहेब सोप्यात बसले होते, दाढी वाढलेली, माणूस अर्धा झालेला. पाच-सात भाऊबंद होते. सगळ्यांच्या हातात कपबशा होत्या. तात्यांसाठी चहा कागदी कपात आला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"आण्णा, आसाचे तुकडे ठेवल्यात का?"

कुणीतरी खेकसलं, "कशाला? तोंड वर करून मागतोस?"

लालासाहेबांनी हात वर केला. "असूदे. गोठ्यात हायत. बघूदे त्याला त्याचं काम."

गोठ्यात दोन्ही बैल बांधलेले होते. कोपऱ्यात, पेंडीच्या पोत्यामागं, आसाचे दोन तुकडे. तात्या खाली बसले, चष्मा पुसला आणि मोडलेला भाग उजेडाकडं धरला.

मोड जवळजवळ सगळीकडं राखाडी होती, बारीक आणि मखमली. चांगल्या तयार झालेल्या पोलादाची असते तशीच. दुसरी आच बसली होती. तात्यांच्या छातीवरून काहीतरी उठून गेल्यासारखं झालं, आणि लगेच त्या हलकेपणाची त्यांना शरम वाटली.

मग कडेला त्यांना एक काळपट चंद्रकोर दिसली. नखाएवढी. तिच्यापासून आत शिंपल्यावर असतात तशा रेघा गेल्या होत्या. म्हणजे आस एका दणक्यानं मोडला नव्हता. तिथं आधी एक चीर पडली होती, गंजली होती, आणि प्रत्येक मैदानात थोडी थोडी आत सरकली होती. चीर सुरू झाली ती जागा आसाच्या खालच्या अंगाला होती, आणि तिथं वेल्डिंगचा एक टवका चिकटलेला होता. तात्यांनी तुकडा उलटा केला. टवक्याला लागून घोड्याचा नाल होता, अर्धा. दुसरा अर्धा दुसऱ्या तुकड्याला.

तात्यांच्या हातून गेला तेव्हा आसावर काही नव्हतं.

मागं पावलं वाजली. जयराजची आई, अंजना, दारात उभी होती. डोईवरचा पदर ओठात धरलेला.

"दिसला न्हवं?" ती म्हणाली. "म्या लावला हुता, तात्या. काळ्या घोडीचा, आवसेला आणलेला. जयाला म्हायती नव्हतं. गाडी पयली यायला लागली तशी लोकांच्या नजरा लय वंगाळ झाल्या. नुसता बांधला तर पळताना सुटून पडतोय, म्हणून नाक्यावरनं वेल्डिंग करून आणला. खालनं लावला, कुणाच्या डोळ्यांवर येऊ ने म्हणून." तिचा आवाज चिरला. "एवढं करूनबी का वो झालं असं? सांगा की. एवढं करूनबी का?"

तात्यांनी दोन्ही तुकडे खाली ठेवले.

पूर्वी आस लाकडाचे असत. लाकडाला नाल ठोकला तर लाकडाचं काही जात नाही. आयांनी ठोकले, त्यांच्या आयांनी ठोकले, कुणाचं वाईट झालं नाही. हिनंही तेच केलं होतं. आस तेवढा बदलला होता, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तात्यांनीही नाही.

बाहेरून लालासाहेबांचा आवाज आला. ते गोठ्याच्या दाराशी आले, मागोमाग भाऊबंद. "काय रं सोपान? बघितलास? बोल आता. कशानं मोडला?"

दोन वाक्यांत तात्या सुटले असते. त्यांनी अंजनाकडं पाहिलं. ती अजून त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी उभी होती.

"माजंच चुकलं, आण्णा," तात्या म्हणाले. "भट्टीत कमी पडलं."

कुणी अंगावर धावून आलं नाही. लालासाहेब नुसते म्हणाले, "जा." आणि तात्या त्या अंगणातून बाहेर आले.

घरी आल्यावर त्यांनी आक्काताईला खरं सांगितलं. तिच्यापासून त्यांना काही लपवता यायचं नाही. ती पीठ मळत होती. मळता मळता थांबली.

"त्यांच्यासाठी? ज्यांनी आजबी तुमाला कागदाच्या कपात च्या दिला?"

"तू कसं वळाखलंस?"

"तुमी बाहेर च्या पिलासा की आपला कप आपुन धुता, आन् घरी येऊस्तोवर हात पुसत ऱ्हाता. आज पुसलं न्हाईसा, म्हंजे धुवाय कपच नव्हता." तिनं पीठ पुन्हा हातात घेतलं. "आयुष्यभर जी अब्रू भट्टीत भाजून काढली, ती एका बाईसाठी दिऊन टाकली."

"पोरगं गेलंय तिचं."

"आमच्याबी घरात जेवायचं ते," आक्काताई म्हणाली.

शेडीकडं येणारी माणसं आटली. ज्यांच्या गाडीला तात्यांचे आस होते त्यांतल्या काहींनी ते काढून टाकले. भट्टीवर पोतं आलं. तात्या दिवसभर दारात बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅक्टरकडं बघायचे. एखादा नट भर हंगामात नाटक कंपनी बसल्यावर रिकाम्या नाट्यगृहात जाऊन बसतो, तसे.

हे त्यांनी सोसलं असतं. मनाशी ठरवलंच होतं. पण मग पलूसच्या आठवडी बाजारात त्यांना एक माणूस दिसला. गोणपाटावर नालांचा ढीग मांडून बसलेला, आणि भोवती बायका.

"एक का दोन?" तो विचारत होता.

"दोन द्या. जयराजच्या आईनं एकच लावला हुता म्हणं. म्हणून पुरा पडला न्हाई."

तात्या तिथंच उभे राहून त्या बायकांचे चेहरे बघू लागले. एकीचा मुलगा मैदानात उतरायचा, दुसरीचा नातू. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच, जे गोठ्याच्या दारात अंजनाच्या चेहऱ्यावर त्यांनी पाहिलं होतं. तिथून ते नाक्यावर गेले. वेल्डिंगच्या दुकानासमोर तीन छकडे उलटे करून ठेवले होते.

"आरं, नको लावू," ते वेल्डरला म्हणाले. "आसाला जाळ नको दिऊस. चीर पडती."

वेल्डर काही बोलायच्या आत आप्पासो मागून आला. "तात्या, आता आसाबद्दल तुमी बोलायचं? स्वतःच्या तोंडानं कबूल झालासा की. ह्या पोरांनी काय करायचं, ते तरी नका सांगू."

दोघं-तिघं हसले. छकड्याचा एक मालक म्हणाला, "जाऊद्या वो, म्हातारा माणूस हाय." त्यात कीव होती, आणि ती हसण्यापेक्षा वाईट होती. काळ्या काचेचा मुखवटा वेल्डरनं तोंडावर ओढला आणि निळा उजेड पुन्हा तडतडू लागला.

तात्यांना तेव्हा कळलं. त्यांनी नुसतं आपलं नाव दिलं नव्हतं. नावाबरोबर आपला शब्दही देऊन टाकला होता, आणि आता तो परत हवा होता तर एकाच दारात मागावा लागणार होता.

दुपारी अंजना मळ्यात होती. विहिरीजवळच्या आंब्याखाली दोन्ही बैल बांधून त्यांच्या अंगावरून ओलं फडकं फिरवत होती. आता ते पळायचे नव्हते, पण जयराज रोज पुसायचा म्हणून ती पुसत होती.

"तात्या? उनाचं कुठं आलासा?"

"वैनी, बसा जरा."

"का?"

"बसा."

ती बांधावर बसली. तात्या उभेच राहिले. बोलायला सुरुवात करताना त्यांना भट्टीशिवाय दुसरी भाषा सापडेना.

"पोलाद तापवून एकदम थंड केलं की कडक हुतंय, काचंगत फुटाय लागतंय. म्हणून त्याला दुसऱ्यांदा सावकाश तापवून चिवट करावं लागतंय. म्या तुमच्या आसाला दोनी दिलं हुतं. माजं चुकलं नव्हतं, वैनी. तवा गोठ्यात म्या खोटं बोललो."

फडकं तिच्या हातात तसंच राहिलं.

"वेल्डिंगचा जाळ एवढ्याशा ठिपक्याला लागतोय. भट्टीपेक्षा जास्त. ठिपका लालबुंद, आन् भोवतीचा सगळा आस गार. त्यो गारवा ठिपक्याची धग एका दमात वढून घेतोय. जणू तेवढ्याच जागेला कुणी तेलात बुडवलं. ती जागा काचंगत हुती. आन् तिला दुसरी आच कोण देणार? कुणालाच म्हायती नसतंय. मग तिथनं चीर..."

ते थांबले. पुढचं तिला कळलं होतं. तात्यांनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि वाटलं, आपण हे नसतं केलं तर बरं झालं असतं.

बैलानं मान तिच्या खांद्याला घासली, ती तिनं सारली नाही.

"मग म्या मारला व्हय," ती म्हणाली. विचारल्यासारखं नव्हतं ते.

"वैनी, तुमी जपलं त्याला. तुमाला कुणी सांगितलं न्हाई..."

"तुमाला म्हायती हुतं." तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते. "तवा का बोलला न्हाईसा?"

"तुमच्यासाठी."

"माज्यासाठी!" ती ताडकन उठली. "म्या काय मागितलं हुतं तुमाला? म्या इचारलं हुतं, का झालं असं. इचारलं हुतं का न्हाई? तुमी मला खोटं दिलं. दोन म्हैने मी बायकांना सांगत फिरतीया, माजं चुकलं, एकच लावला, तुमी दोन लावा गं म्हणून. मीच! त्यातलं एखादं पोर गेलं असतं तर ते कुणाच्या नावानं लिवायचं हुतं, तात्या? माज्या का तुमच्या?"

चांगुलपणानं केलेली गोष्ट अशी समोर येऊन उभी राहील, हे तात्यांनी कल्पिलं नव्हतं.

अंजनानं फडकं पिळलं, आंब्याच्या फांदीवर वाळत घातलं, पदर कमरेला खोचला. "नाल लावलेली पयली गाडी कुणाची हाय?"

"वैनी, आधी आण्णांस्नी..."

"आण्णांस्नी मागनं कळंल. गाडी कुणाची, सांगा."

ती पुढं आणि तात्या मागं, असे ते गावात शिरले. पहिलं घर राजेश्वरी नावाच्या बाईचं होतं. तिचा मुलगा ऋषिराज पुढच्या रविवारी मैदानात उतरायचा होता. अंगणात छकडा उभा होता. अंजनानं नमस्कार-चमत्कार केला नाही. छकड्यापाशी बसून खाली हात घातला आणि नाल चाचपले. दोन होते.

"काढ हे."

"काकी, आसं काय बोलताय? तुमीच म्हणालासा की..."

"म्या म्हणाले. म्या लावला, त्यानंच माजा जया गेला. त्या वेल्डिंगनं आस नासतोय. ह्या माणसानं आस चांगला केला हुता, नासवला म्या. आता सगळ्या गावाला सांग."

राजेश्वरी रडायला लागली. अंजना रडली नाही. ऋषिराज ग्राइंडर घेऊन नाल कापायला आला, तेव्हा तात्यांनी त्याचा हात धरला. "नुसता नाल काढून भागत न्हाई, बाळा. चीर दिसत न्हाई, पर आत आसती. आसच बदलाय पायजे."

"मग गाडी कशी उतरवू? नवा कोण करून देणार?"

तात्यांनी खाली पाहिलं. "भट्टी बंद हाय माजी," ते म्हणाले.

"मग पेटवा," अंजना म्हणाली. "जितक्या आसांना नाल लागल्यात तितके करा. झोपू नका."

बातमी रात्रीपर्यंत लालासाहेबांकडं पोचली. ते बायकोला एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही. थोरल्या सुनेनं वाढलेलं जेवायचे, अंजना समोर आली की उठून मळ्यात जायचे. जयराजची बायको संयोगिता माहेरी गेली ती परतली नाही. जाताना सासूच्या पाया पडली की नाही, यावर गावात दोन मतं होती. आप्पासो शेडीत येऊन गेला. माफी त्याच्या तोंडून निघाली नाही, म्हणाला, "पुढच्या मैदानात माईकवरनं सांगीन म्हणतो नालाचं." तात्या म्हणाले, "सांगा." आणि त्यांनी त्याला बसायला पाट दिला.

तात्यांचं नाव परत आलं. शेडीसमोर पुन्हा गाड्या लागल्या. आक्काताईला बरं वाटलं असेल, पण तिनं ते दाखवलं नाही. तात्या गज भट्टीत सरकवायचे तेव्हा त्यांना दर वेळी ठाऊक असायचं, की ह्या कामाची किंमत दुसऱ्याच कुणीतरी चुकती केली आहे.

कार्तिकात एका सकाळी ते एसटी स्टँडवर गेले, बसनं आलेलं सामान आणायला. फलाटाच्या कडेला अंजना एकटीच बसली होती. मांडीवर पिशवी, त्यात भाकरीचं फडकं. तात्यांना पाहून तिनं मान वळवली नाही आणि ओळखही दाखवली नाही. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. तात्या थोडं अंतर ठेवून बसले.

"कुठं निघालासा, वैनी?"

उत्तर येणार नाही असंच त्यांना वाटलं. पण ती म्हणाली, "मैदान हाय, तासगावच्या पल्याड. परगावचे लोक येत्यात. त्यांना कुठलं म्हायती असंल?"

"काय करतासा तिथं?"

"गाड्या उतरवत्यात तिथं उभारती. खाली हात घालून बघती. असला तर सांगती." ती क्षणभर थांबली. "काही लोक हाकलत्यात. म्हणत्यात, जिचं पोर गेलंय ती बाई मैदानात नको, अपशकुन हुतो. मी सांगून मगच जाती."

"मी येतो संगं."

"नको." बस आली तशी ती उठली. पिशवी सावरली. "तुमी आलासा की ती गोष्ट तुमची हुती. माजीच ऱ्हाऊ द्या."

ती बसमध्ये चढली. तासगावची बस, आत बाजाराला निघालेली माणसं, द्राक्षबागांकडं निघालेल्या मजूर बाया. अंजनाला बसायला जागा मिळाली नाही. दांड्याला धरून ती उभी राहिली, तशीच दिसेनाशी झाली.

तात्या फलाटावर उभे होते. मग त्यांना आठवलं, ऋषिराजच्या मामाचा आस ते दुसऱ्या आचेला ठेवून आले होते आणि तो बाहेर काढायची वेळ होत आली होती. सामान न घेताच ते शेडीच्या रस्त्याला लागले, जमेल तितक्या भराभर.